कर्ज फेडता फेडता तुम्ही कशाकडे बघून दिवस काढलेत? लिहा

फोंड्याची_बाय

नमस्कार मंडळी. बरेच दिवस विचारायचं मनात होतं, आज धीर करून विचारतेय. २०२१ मध्ये बाबांचं हार्टचं ऑपरेशन झालं तेव्हा आम्ही ४ लाखांचं पर्सनल लोन काढलं, १४ टक्के, ५ वर्षं, हप्ता ९,३०७. हा आकडा मला झोपेतून उठवून विचारलात तरी सांगेन. बाबा आता बरे आहेत, सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा हॉर्न ऐकला की स्वतः दारात जाऊन उंडे (गोल पाव) घेतात, त्यामुळे त्या पैशाचं वाईट कधीच वाटलं नाही. पण पहिली दोन वर्षं मी नुसत्या तारखा मोजल्या. पगार झाला, हप्ता गेला, परत महिना मोजा. घरात कोणी काही ठरवायचं म्हटलं की माझं एकच, कर्ज फिटू दे मग बघू.

त्यात चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी आली. आमच्याकडे गोव्यात चवथीला कोणी हात आखडता घेत नाही, देवाचं आहे म्हणतात. माटोळीचं (गणपतीच्या वर फळं-फुलं बांधतात ती चौकट) सामान, नेवऱ्यांचा (करंज्यांचा) मैदा-साखर, मुलांचे कपडे, सगळं मिळून जावेकडून ६,००० हातउसने घेतले आणि ते फेडायला मार्च उजाडला. ती बिचारी एका शब्दाने बोलली नाही पण ती समोर आली की माझी मान खाली. म्हणून त्या चवथीनंतर लगेचच ठरवलं, बँकेचं फिटायचं तेव्हा फिटेल, पुढची चवथ मात्र कोणाच्या पैशाने करायची नाही. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात रोज २० रुपये टाकायला लागले. काही दिवस चुकले, एकदा गॅस सिलिंडरला त्यातलेच काढले, तरी चवथीच्या आठवड्यात मोजले तर ६,१४० निघाले. फोंड्याच्या माटोळी बाजारात सुपारीचा घड घेतला, तोरिंगण, चिबूड, आंबाडे घेतले, रोख पैसे मोजून दिले. त्या रात्री माटोळी बांधून झाल्यावर तिच्याखाली उभी राहिले आणि मला रडूच आलं.

अजून ११ हप्ते आहेत. कर्ज तेवढंच आहे पण तेव्हापासून मला महिना लांब वाटत नाही. तर तुम्ही काय धरून ठेवलं होतं, छोटं असो मोठं असो, आणि ते पार पडलं का, लिहा. नसेल पार पडलं तरी लिहा.

सत्तरीचा_टिपरवाला

बाय, तुझं वाचून लिहावंसं वाटलं, एरवी मी हा विषय कोणाकडे काढत नाही.

२०१० साली पिसुर्ल्याच्या बाजूला, खाणींच्या भागात, आमच्या वाड्यावर ज्याच्या दारात टिपर (खनिज वाहणारा ट्रक) नाही असं घर शोधावं लागलं असतं. मीही घेतला. १४ लाख कर्ज, हप्ता ३१ हजारांच्या वर, पण ट्रिपा एवढ्या मिळायच्या की हप्ता भरून हातात राहायचे. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. वाटलं महिना-दोन महिने. ट्रक दारात उभा, पावसात त्याच्या हौद्यात पाणी साचून डास, टायर बसले, इन्शुरन्स आणि रोड टॅक्स मात्र चालूच. एक वर्ष मी ह्याची टोपी त्याला घातली, मेहुण्याकडून घेऊन बँकेला, सोसायटीतून काढून मेहुण्याला. शेवटी बायकोच म्हणाली की आता कोणाकडून आणू नका, आणलेलं परत द्यायचं तोंड आपल्याकडे नाही.

डोंगरावर आमची वडिलोपार्जित एक एकर जागा होती, नुसतं रान. २०१४ च्या जूनमध्ये मी तिथे काजूची ६० कलमं लावली, वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७. लोक म्हणाले ह्याचं डोकं फिरलं, दारात बँकेची नोटीस आणि हा झाडं लावतोय. माझ्याकडे खरंच दुसरं काही करायला नव्हतं हो. दिवसा मी दुसऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर जायचो, ७ ते ३, आणि संध्याकाळी कळशी घेऊन डोंगर. पहिल्या उन्हाळ्यात झऱ्यावरून पाणी आणून एकेका कलमाला घातलं, माडाच्या झावळांचा आडोसा केला. तरी १३ मेली.

एक गोष्ट सांगतो. कलमाला लहानपणीच मोहोर येतो. नर्सरीवाल्याने बजावलं होतं की पहिली दोन वर्षं मोहोर खुडून टाक, नाहीतर झाड जोर धरणार नाही. मी झाडासमोर उभा राहून खुडायचो आणि हात थरथरायचा, घरात पैशाची एवढी चणचण आणि मी आलेला मोहोर हाताने मातीत टाकतोय. दुसऱ्या वर्षी मी पाच झाडांचा ठेवला, नाही राहवलं. त्या पाच झाडांत आणि बाकीच्यांत आजही फरक दिसतो, वर येऊन बघा.

ट्रक २०१६ मध्ये साडेतीन लाखांना विकला. मध्ये २०१५ ला खाणी थोड्या चालू झाल्या होत्या पण माझा ट्रक त्या लायकीचा राहिला नव्हता, आणि बरंच झालं म्हणायचं, कारण फेब्रुवारी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ८८ लीज रद्द केली आणि १६ मार्चपासून परत सगळं ठप्प. ज्यांनी मधल्या काळात ट्रक दुरुस्त करून रंग मारून घेतले होते त्यांचे चेहरे मी बघितलेत. उरलेल्या रकमेची बँकेशी तडजोड केली, ओटीएस म्हणतात ती, आणि ती रक्कम हप्त्या-हप्त्याने २०२१ मध्ये संपवली. इथे एक सांगून ठेवतो, तडजोड केली की तुमच्या सिबिलवर, म्हणजे कर्जाच्या नोंदीवर, 'सेटल्ड' लागतं, 'क्लोज्ड' नाही. पुढे मुलाच्या शिक्षणाला लोन काढताना मला त्याने बराच त्रास झाला. जमत असेल तर पूर्ण भरून क्लोज करा, अगदीच जमत नसेल तरच ओटीएस.

पहिल्या खऱ्या पिकाला ३८ किलो बिया आल्या. त्यातून माझा एक हप्ता पण निघाला नसता. पण ती गोणी मी खांद्यावरून उतरवली आणि आमच्या म्हाताऱ्याने त्यात हात घालून बिया वर-खाली केल्या, काही बोलला नाही, नुसत्या वर-खाली केल्या. आता बोंडू फेणीचा भाटीवाला घेऊन जातो, बिया मी विकतो. मार्च ते मे आम्ही दोघं पहाटे साडेपाचला वर असतो.

वास्कोचा_तारवटी

सत्तरीकर, देव बरें करूं.

आमचं घराचं लोन. मी क्रूझवर होतो, २०२० च्या मार्चमध्ये सगळी जहाजं थांबली, घरी आलो ते १४ महिने घरीच. मोरेटोरियम घेतलं, ऑगस्टपर्यंत हप्ता नाही म्हणून जिवात जीव आला, पण व्याज थांबलं नव्हतं, ते मुद्दलात चढलं आणि मुदत वाढली. हे आम्हाला वर्षभराने स्टेटमेंट बघताना कळलं. तेव्हापासून मी रुपये मोजायचं सोडलं, कॉन्ट्रॅक्ट मोजायला लागलो. केबिनच्या दारामागे पेन्सिलीने चार रेघा मारल्या. चार कॉन्ट्रॅक्ट, प्रत्येकी ८-९ महिने, आणि पाचव्या वर्षी मुलगी दहावीला, ते पूर्ण वर्ष मी घरी. बोनस आला की थेट मुद्दलात भरायचो, फ्लोटिंग रेटच्या होम लोनला आधी भरल्याचा दंड नसतो.

तीन रेघा खोडल्या, चौथी अर्धी आहे. पण मुलीची दहावी ह्याच वर्षी आहे, मी एक वर्ष चुकलो. फोनवर ती म्हणाली पप्पा बारावीला या. आता बारावी धरलीय.

ज्यांचं होम लोन संपत आलंय त्यांच्यासाठी: १ डिसेंबर २०२३ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, पूर्ण फेड झाल्यावर ३० दिवसांत घराचे मूळ कागद परत द्यायचे, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. नो ड्यूज सोबत कागद मागून घ्या, लाजू नका.

डिचोलीची_सून

माझं थोडं वेगळं मत आहे, राग मानू नका. आम्ही काहीच ठरवलं नव्हतं, कारण ठरवलेलं मोडलं की मी पार खचते. सासूबाईंच्या दोन पाटल्या बँकेत ठेवल्या होत्या, ह्यांच्या दुकानासाठी. दर वर्षी व्याज भरून रिन्यू करायचो. मग एक वर्ष व्याजही जमलं नाही आणि लिलावाची नोटीस आली. एक सोडवली. एक गेली.

सासूबाई त्या दिवशी एकच पाटली हातात घालून देवळात गेल्या. मी म्हटलं आई, लोक विचारतील. म्हणाल्या, विचारू दे, ही परत आली म्हणून घातली. मी त्यांच्यासमोर रडले नाही, आत जाऊन रडले. त्यांनी दुसरी कधी मागितली नाही.

आता दुकान जरा बरं चालतंय. अजून काही ठरवलेलं नाही पण सोनाराकडे भाव विचारते अधूनमधून.

काणकोणची_लेक

हे माझ्या आईचं, मी तिच्या परवानगीने लिहितेय, ती शेजारी बसून ऐकतेय.

आई मासे विकते, पहाटे जेटीवर घेऊन पाटी डोक्यावर आणि बाजार. मे २०२१ च्या तौक्ते वादळात आमच्या घराचं छप्पर उडालं, नळे, वासे सगळं. पतसंस्थेतून १ लाख २० हजार घेतले. फॉर्मवर आईचा अंगठा. साहेबांनी शाई लावून तिचं बोट धरून दाबलं आणि मग बोट पुसायला कागदाचा तुकडा दिला. घरी येऊन ती म्हणाली, कर्ज घेतल्याची लाज नाही वाटली गं, बोट दुसऱ्याने धरलं त्याची वाटली. शेवटच्या हप्त्याला मी सही करणार.

तेव्हा ती ५८ वर्षांची. बाजारातून आली की मासे बांधायच्या वर्तमानपत्राच्या कडेला, जिथे कोरी जागा असते तिथे, पेनाने आपलं नाव काढायची. तिच्या नावात एक जोडाक्षर आहे, त्याच्यावर तीन महिने अडली. कागदाला बांगड्याचा वास, तिच्या बोटांना खवले, आणि ते अक्षर काही जुळेना. मी म्हटलं आई, दोन अक्षरं सुटी लिही, कोणाला कळणार नाही. ऐकलं नाही.

हप्ता रोज थोडे थोडे भरायच्या पिग्मीतून जायचा, एजंट बाजारातच यायचा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा तिची खरी परीक्षा, म्हणून पुरुमेताच्या (पावसाळ्याआधीच्या साठवणीच्या) वेळेला जास्तीचे बांगडे आणि सुंगटं (कोळंबी) सुकवून ठेवायची आणि पावसात ती विकून एजंटाला द्यायची. दोन पावसाळे गेले. तिसऱ्याला ५ हप्ते थकले, गुडघे सुजले होते तिचे. एकूण साडेतीन वर्षं लागली.

शेवटच्या दिवशी तिने सही केली. जोडाक्षर जरा वाकडं आलं. आता ती पासबुक स्वतः वाचते, म्हणजे आकडे आणि आपलं नाव. आई म्हणतेय लिही, की आता घरपट्टीच्या पावतीवरचं पण वाचते.

पाटोवरचा_नवा

सगळ्यांचं वाचून लिहायला लाज वाटतेय, कारण तुमची कर्जं आजारपणाची, घराची. माझं तसं नाही. वय २५, पणजीला नोकरी, पगार २२ हजार. फोन, बाईकचं सामान, मित्रांबरोबर फिरणं, सगळं कार्डावर. ६० हजार झालेत. दर महिन्याला मिनिमम ३,००० भरतो आणि कमीच होत नाहीत. मग ते भरायला एका अ‍ॅपवरून १५ हजार घेतले. आता त्यांचे फोन येतात, काल रात्री ९ ला आला, बाबा समोर जेवत होते. मला ध्येय वगैरे काही सुचत नाही, फोन वाजला की पोटात गोळा येतो एवढंच.

म्हापशाची_टॅक्सी

नवा, आधी हे वाच. ६० हजारांवर महिना साडेतीन टक्के धरलं तर व्याजच २,१००, त्यावर १८ टक्के जीएसटी ३७८. तुझ्या ३,००० मधले मुद्दलात जातात फक्त ५२२. म्हणून कमी होत नाही, तू नालायक आहेस म्हणून नाही. आणि बाकी ठेवलेली असताना कार्डावर नवीन काही घेतलंस तर त्याला पहिल्या दिवसापासून व्याज. कार्ड आजच कपाटात ठेव, कार्डवाल्यांना लेखी कळव की बाकीचे हप्ते पाडून द्या, त्याचा दर बराच कमी असतो. वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायची परवानगी नाही, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. रात्रीच्या कॉलचा स्क्रीनशॉट ठेव आणि तक्रार कर.

मी सीझनवाला माणूस, ऑक्टोबर ते मार्च दोन हप्ते बाजूला काढायचे, एक चालू आणि एक पावसाळ्यातला, एवढंच माझं धोरण. लिहिण्यासारखं अजून काही नाही.

फोंड्याची_बाय

नवा, लाज कसली रे. जेवायला बसलेल्या बाबांना तो फोन ऐकू आला असणार. तू सांगायच्या आधी दुसऱ्या कोणाकडून कळायला नको. बाकी मी काय सांगू, माझ्या नवऱ्याला मी जावेचे ६,००० चार महिने सांगितले नव्हते.

डिचोलीकर वहिनी, तुमचं दोनदा वाचलं. राग कशाला येईल.

सत्तरीकर भाऊ, आमच्या घरामागे उतारावर थोडी जागा आहे, ८-१० झाडं बसतील. बाबांना काम हवंय, डॉक्टर म्हणतात हलकं काही करू दे. कलमं कधी लावायची?

पाटोवरचा_नवा

सांगितलं. बाबा बराच वेळ गप्प होते. मग विचारलं एकूण किती, खरं सांग. ७५ म्हटलं. उद्या त्यांच्याबरोबर बसून कागद काढायचे आहेत. झोप येतेय आज.

सत्तरीचा_टिपरवाला

शाब्बास रे बाबा. कागदावर सगळे मांड, १५ वाला अ‍ॅप आधी संपव.

बाय, लावायची जूनमध्ये, पाऊस नीट धरला की. पण खड्डे मे मध्येच मारून ठेवा, दोन-दोन फुटांचे, उन्हाने माती तापू दे. दोन झाडांत २२-२३ फूट अंतर सोडा, आता मोकळं वाटेल पण नंतर लागतं. खणायला बाबांना लावू नका, माणूस घ्या. पाणी घालायला आणि मोहोर खुडायला त्यांना ठेवा.