अप्पांच्या बेडक्यात ‘नोकार्डिया’ हा मातीतला जिवाणू निघाला. कुणाच्या घरी झालाय का?

कराडची_सून:
अप्पा, माझे सासरे, ६८ वर्षांचे. बिडीने सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होण्याचा जुनाट आजार) झालेला, आठ वर्षं पंप घेतात. हिवाळ्यापासून धाप लागली की स्टेरॉइडच्या गोळ्या चालायच्या. वैशाखात स्वतः शेणखताचा ढीग उपसला, सुकलेलं, नुसती धूळ. गणपतीपर्यंत बारीक ताप, घट्ट पिवळा बेडका, अंगावरचे कपडे ढगळ. एक्स-रेत डाग दिसला तशी टीबीची औषधं सुरू. सीबीनॅट (बेडक्यात टीबीचा जंतू शोधायची तपासणी) निगेटिव्ह होतं, तरी दोन महिने गेले. शेवटी दुर्बीण घालून नमुना घेतला, तेव्हा कळलं. अप्पा म्हणतात, “आख्खी हयात मातीत गेली, ती आत्ताच कशी डसली?” नातू त्यांच्याच अंथरुणात झोपतो. त्याला लागेल का?

प्रयोगशाळेतला_बाबू:
झोपू दे नातवाला. हा माणसाकडून माणसाला लागत नाही, धुळीतून फुप्फुसात जातो. माती तीच आहे हो, अप्पांची छाती बदलली. सीओपीडीने आतली साफसफाई मंदावते, त्यात स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती दबते.
टीबीच्या नेहमीच्या रंगकामात आम्ल जहाल असतं, त्यात याचा रंग बहुधा धुऊन जातो. १ टक्का सल्फ्युरिक आम्ल घेतलं की फांद्या फुटलेले लाल धागे दिसतात. वाढतोही सावकाश. दोन दिवसांत जंतू वाढवायची बशी टाकून दिली की गेला हातचा. आम्ही तीन आठवडे ठेवतो. वर खडूची पूड सांडल्यासारखं दिसतं. वास मुद्दाम घ्यायचा नसतो, पण पहिल्या पावसाचा येतोच.

माईचा_बंड्या:
आईला ब्रॉन्किएक्टेसिस (श्वासनळ्या कायमच्या रुंदावण्याचा आजार), तिलाही हाच. यावरचं औषध कोट्रायमॉक्साझोल, ११ महिने! तिसऱ्या महिन्यात बरं वाटलं म्हणून सोडायला निघाली होती, मी भांडलो. अप्पा बीपीसाठी टेल्मिसार्टन घेतात का? ती आणि हे औषध एकत्र झाल्यानेच आईचं पोटॅशियम चढलं होतं. क्रिएटिनीन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी), पोटॅशियम तपासत राहा. आणि मेंदूचा एमआरआय केला का? हा तिथे जाऊन गळू करू शकतो, सुरुवातीला डोकं दुखेलच असं नाही.

कराडची_सून:
टेल्मिसार्टनच घेतात, ४० ची. एमआरआयचं कुणी बोललंच नाही, उद्या विचारते. अप्पांना वाचून दाखवलं. बाकी सगळं कबूल, पण म्हणाले, “मग उरलेला ढीग कोण पसरणार?”