कुरिअर कंपन्यांची तुलना नेमकी कशावर करायची? (मदत हवी आहे)

मंडळी, जुने कॅमेरे आणि लेन्स दुरुस्त करून परत पाठवायचं माझं काम. पार्सलं सतत चालू असतात, कधी कुरिअरने, कधी पोस्टाने. आता एकाच कंपनीशी करार करावा म्हणतोय आणि तिथेच घोडं पेंड खातंय.

सगळेच "दोन ते चार दिवस" म्हणतात. कुठून मोजायचे ते कुणी सांगत नाही. लेबल तयार केलं की ट्रॅकिंगवर पहिली ओळ उमटते, पण खोका तोवर माझ्याच टेबलावर असतो. मी पिकअपनंतरच्या पहिल्या स्कॅनपासून मोजतो. बरोबर आहे ना? आणि रविवार-सुट्ट्या धरायच्या की वगळायच्या?

शेवटचा टप्पा तर डोकं फिरवतो. एका कंपनीच्या (नाव नको) ट्रॅकिंगवर संध्याकाळ झाली की "ग्राहक उपलब्ध नाही" असं झळकतं. ग्राहक दिवसभर घरात, ना फोन, ना बेल. दुसऱ्या दिवशी पार्सल निमूटपणे हजर. असला "प्रयत्न" त्यांच्या हिशेबात वेळेत झालेला धरत असतील, असा मला दाट संशय आहे. मग त्यांनी दाखवलेल्या टक्केवारीचं काय करायचं?

मला एखाद दिवस उशीर चालतो. पार्सल चार दिवस एकाच हबवर अडकलेलं दिसतं आणि कस्टमर केअर "प्रोसेसमध्ये आहे" एवढंच म्हणतं, ते मात्र चालत नाही. तुम्ही कसं ठरवता? आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १
पहिल्या स्कॅनपासून मोजताय ते योग्यच. मात्र पिकअप ठरल्या वेळी झाला का, याची नोंद वेगळी ठेवा. संध्याकाळची कट-ऑफ वेळ हुकली की गाडी निघून जाते आणि खोका दुसऱ्या रात्रीपर्यंत पडून राहतो. बराचसा "उशीर" तिथेच होतो.

सरासरीच्या नादी लागू नका. समजा, एका कंपनीने दहातली आठ पार्सलं दोन दिवसांत पोचवली आणि उरलेली दोन अकरा दिवसांनी. दुसरीने दहाच्या दहा चार दिवसांत पोचवली. सरासरी पहिलीची ३.८, दुसरीची ४. कागदावर पहिली जलद, पण शिव्या खायला लावणारीही तीच! दहातलं नववं पार्सल कितव्या दिवशी पोचलं ते बघा. इथे एकीचे अकरा, दुसरीचे चार. तुम्हाला हाच आकडा हवाय.

"प्रयत्न" मोजूच नका, ओटीपी किंवा सही घेऊन हातात पडलं तो दिवस धरा. आणि तुलना करायची तर एकाच पिनकोडवर, एकाच आठवड्यात पाठवलेल्या पार्सलांची. सणासुदीची पार्सलं एरवीच्या पार्सलांशी लावून पाहण्यात अर्थ नाही.

प्रतिसाद २
वरच्याला +१. कॅमेऱ्यासोबत बॅटरी जाते का? सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून न्यायला १ एप्रिल २०१६ पासून बंदी आहे. कॅमेऱ्यातच बसवलेली असेल तर नियम वेगळे, पण बॅटरी म्हटलं की काही कंपन्या सरळ रस्त्याने पाठवतात. दर हवाई सेवेचा आणि प्रवास ट्रकचा असं होऊ नये म्हणून आधीच विचारून घ्या.

दर बघताना खोक्याचं मापही धरा. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये, भागिले ५०००, असा हिशेब बऱ्याच ठिकाणी चालतो. ४०×३०×२५चा खोका आत दोनच किलो असला तरी सहा किलोचा धरला जातो. लेन्सला गादी हवीच, पण खोका बेताचा घ्या.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. नवव्या पार्सलाचा हिशेब आजच मांडतो. बॅटऱ्या जातात, डिजिटल कॅमेऱ्यांसोबत. करारात "हबवर ४८ तासांपेक्षा जास्त थांबलं तर कळवावं" असं कलम कुणी घालून घेतलंय का? कंपनी मान्य करते?