आंब्याच्या बुडाशी भुसा पडून राहिला, कोणती कीड आहे?

वरूडचा_संत्रावाला
राम राम मंडळी. संत्र्याच्या वावरात धुऱ्यावर जुना गावरान आंबा आहे, साऱ्या घराचं लोणचं त्याच्यावरच असते. त्याच्या बुडाशी लाकडाचा ओलसर भुसा पडून राहिला न् वरच्या एका फांदीची पानं पिवळी पडून गळायला लागली. दुकानवाला म्हणते सगळ्या झाडावर फवारा मारा. संत्र्याला जाळं करते तीच अळी आहे का? सांगा न भाऊ, झाड वाचलं पायजे.

काटोलची_माती
संत्र्याची ती इंडरबेला, पतंगाची अळी. सालीवर विष्ठेचं न् भुशाचं जाळं करते आणि रात्री त्याच्या आडून साल खाते. आंब्यावरही येते म्हणून आधी बेचक्यात जाळं आहे का ते बघा. जाळं नसेल आणि भोकातून जाडसर चुरा पडत असेल तर भिरूड समजा. राखाडी भुंगेरा, पाचेक सेंटिमीटर लांब, मिशा त्याहून लांब. मादी सालीला चीर पाडून एकेक अंडं घालते, अळी आत लाकूड पोखरत जाते म्हणून वरची फांदी सुकते. वरून फवारलेलं औषध बोगद्यात पोचतच नाही, तो खर्च करू नका.

धुरा_बांध
बरोबर. आता हे करा, बुडाचा सगळा भुसा झाडून टाका आणि दुसऱ्या दिवशी ज्या भोकाखाली ताजा पडला तेच चालू भोक, भोवतीची सैल साल चाकूनं काढून टोकाला आकडा केलेली तार हळूहळू आत सरकवा, मळकट पांढरी बिनपायाची अळी असते ती ओढून काढा. हाती नाही लागली तर पेट्रोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा आत कोंबून चिखलानं लिंपा, बिडी-काडी लांब ठेवा. जुन्या पत्रकात डायक्लोरव्हॉस लिहिलेलं दिसेल, त्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे, कोणी दिलं तरी घेऊ नका.

वरूडचा_संत्रावाला
जाळं नाही, भोकंच आहेत. बोटाएवढी अळी निघाली भाऊ, तारेला अडकून आली! वाळलेली फांदी तोडली तर आतून पोकळ. सरपणाला ठेवू का?

काटोलची_माती
अजिबात नको! तोडलेल्या लाकडातही अळी जगते, पावसाळा लागला की भुंगेरे बाहेर पडून बाकीच्या आंब्यांवर जातात. आत्ताच जाळून टाका. तोडलेल्या जागेवर बोर्डो पेस्ट लावा, १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी, संत्र्याच्या बुडाला लावता तीच. आणि पावसाळ्यात रात्री बल्बखाली मोठ्या मिशांचे भुंगेरे दिसले तर तिथंच मारा.