सिरिंज पंपातलं मिश्रण दुधाळ झालं, चुकलं कुठे?

रातराणी_सिस्टर
पॅलिएटिव्हमध्ये (बरा न होणाऱ्या आजारातला त्रास कमी करणाऱ्या विभागात) येऊन आठ महिने झाले, त्याआधीची सगळी नोकरी आयसीयूत. एकाच सिरिंजमध्ये चार-चार औषधं भरायची सवय नाही. काल संध्याकाळी त्वचेखालून २४ तास चालवायचं मिश्रण केलं: वेदनेसाठी मॉर्फिन ३० मिग्रॅ, शांत ठेवायला मिडॅझोलाम १०, उलटी-भ्रमासाठी हॅलोपेरिडॉल २.५ आणि वर डेक्सामेथासोन (स्टेरॉइड, आमचं ‘डेक्सा’) ८. सलाइनने २० मिली केलं. डेक्सा पडताच एक पांढरी रेघ उठली. हलवल्यावर विरली, म्हटलं झालं. पहाटे पाचला टॉर्च मारला तर सिरिंज दुधाळ, आणि बटरफ्लायजवळ (त्वचेखाली बसवलेल्या सुईजवळ) नळीत बारीक वाळूसारखे कण. पंप थांबवला, डॉक्टरांना उठवलं, सिरिंज-नळी सगळं फेकून नव्या जागी लावलं. पेशंट रात्रभर कण्हत होते. औषध पोचतच नव्हतं का, हे डोक्यातून जात नाही. यात कोणाचं कोणाशी पटलं नाही?

फार्मसीकाका
सिस्टर, कळ लावली ती डेक्साने. मिडॅझोलामचं इंजेक्शन आम्लधर्मी, पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) साधारण ३. त्या आंबटपणातच ते पाण्यात विरघळून राहतं. पीएच चढला की त्याच्या रेणूतली उघडलेली कडी मिटते आणि पाण्याशी त्याचं नातं तुटतं. हॅलोपेरिडॉलही आम्लातच सुखी. डेक्सा मात्र ७ च्या वरचं. थेंब पडला तिथे क्षणभर पीएच चढला, ती तुमची रेघ. हलवल्यावर पसरला, पण मिश्रण काठावरच बसलं होतं, रात्रीतून घसरलं. रेघ उठली तेव्हाच ती सिरिंज टाकायला हवी होती. बोलतोय म्हणून रागावू नका.

डेक्साला सिरिंजमधून हद्दपार करा. त्याचा परिणाम दीड-दोन दिवस रेंगाळतो, मग २४ तास थेंबथेंब कशाला? सकाळी एकदा, वेगळ्या जागी, त्वचेखाली. आणि सकाळीच, नाहीतर पेशंट रात्रभर टक्क जागा.

उलटी बाजूही सांगतो. ग्लायकोपायरोनियम (घशातला स्राव कमी करणारं औषध) डेक्साबरोबर असलं तर डोळ्यांना काही दिसेलच असं नाही, पण त्याच्या रेणूतला एस्टर नावाचा जोड तुटत राहतो. सिरिंज काचेसारखी स्वच्छ आणि औषध कमी कमी! शिल्लक किती ते प्रयोगशाळेत एचपीएलसी यंत्रावर मोजल्याशिवाय कळत नाही. म्हणून कोणती औषधं एकत्र चालतात त्या तक्त्यात ‘दिसायला ठीक’ कुठलं आणि ‘मोजून ठीक’ कुठलं ते वेगळं वाचा, आणि तिथली तीव्रता आपल्या सिरिंजशी ताडा. १० मिलीत न जमणारं २० मिलीत कधीकधी जमतं.

जुनीजाणती
काकांनी रसायनशास्त्र सांगितलं, मी माझी फजिती सांगते. सायक्लिझीन (उलटीवरचं औषध) होतं, मी सवयीने सलाइन ओढलं. तासाभरात सिरिंजमध्ये सुयांसारखे स्फटिक, पंप ठणाणा करतोय. सलाइनमधल्या क्लोराइडने ते खाली बसतं, त्याला इंजेक्शनचं पाणीच लागतं. तेव्हापासून मी आधी औषधं बघते, मग पाणी की सलाइन ते ठरवते.

दुसरं, लेव्होमेप्रोमाझिन (उलटी-अस्वस्थतेचं औषध) असेल तर सिरिंज उजेडापासून झाका. जांभळट छटा आली की सरळ टाका.

आणि रातराणी, सिरिंज लावून चार तासांनी एकदा बघ, पहाटेची वाट बघू नकोस. सिरिंजपेक्षा नळी आणि सुईची जागा आधी. गाळ तिथेच पहिल्यांदा अडकतो.

रातराणी_सिस्टर
काका, राग कसला, खरंच आहे. डेक्सा आजपासून सकाळी वेगळं लिहून घेतलं. पहाटे डॉक्टरांनी मॉर्फिनचा जास्तीचा डोस द्यायला सांगितला, अर्ध्या तासात कण्हणं थांबलं. आता फक्त तीनच औषधं आहेत. पण उद्यापासून उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड घालायचं म्हणताहेत. चालेल?

फार्मसीकाका
हॅलोपेरिडॉल असताना? मिसळायचा प्रश्न नंतर. दोन्ही मेंदूतलं डोपामाइन हे रसायनच अडवतात, हातपाय आखडतील. आधी विचारा, दोघांतलं कोणतं ठेवायचं.