पूर्ण वाढलेली पिल्ले इनक्युबेटरमध्ये कवचातच का मरत असावीत?

वाशिष्ठीकाठ
नमस्कार. आमचे घर चिपळूण तालुक्यात असून घरात पूर्वीपासून गावरान कोंबड्या आहेत. आजवर आम्ही खुडूक कोंबडीच अंड्यांवर बसवत आलो. या वर्षी मात्र प्लायवूडच्या पेटीचा घरगुती इनक्युबेटर तयार करून घेतला. त्यात साधे पिवळे दिवे, तापमान नियंत्रक, संगणकात असतो तसा छोटा पंखा आणि तळाशी पाण्याचा ट्रे आहे. नियंत्रक ३७.५ अंश सेल्सिअसवर लावला आहे. सोबत मिळालेल्या माहितीपत्रकात पहिले १८ दिवस ५५ ते ६० टक्के आणि शेवटचे तीन दिवस ७० टक्के आर्द्रता ठेवावी असे लिहिले होते, म्हणून ट्रे कायम भरलेला ठेवला. परंतु ऐन आषाढात आर्द्रतामापक पहिल्या आठवड्यापासूनच ७० टक्क्यांच्या आसपास राहिला.

सातव्या दिवशी अंधारात बॅटरीवर अंडी तपासली, तेव्हा बहुतेक अंड्यांत रक्तवाहिन्यांचे जाळे स्पष्ट दिसत होते. अठराव्या दिवशीही हालचाल होती. प्रत्यक्षात एकविसाव्या दिवशी फक्त एक-दोन अंड्यांना टोचा (पिल्लाने आतून चोचीने कवचाला पाडलेली पहिली भेग) पडला आणि जी पिल्ले निघाली ती बाविसाव्या व तेविसाव्या दिवशी निघाली, तीही निम्म्याहून कमी. उरलेली अंडी फोडून पाहिली असता आत पूर्ण वाढलेली, पिसे आलेली, पण ओली आणि काहीशी सुजलेली पिल्ले होती. त्यांतील बहुतेकांनी कवचाला टोचाही मारलेला नव्हता.

दोष आर्द्रतेचा, तापमानाचा की अंड्यांचा, हे कसे ठरवावे? पावसाळ्यात कोकणात ट्रेमध्ये पाणी ठेवण्याची मुळात गरज आहे का? आणि त्याच कोंबड्यांची अंडी खुडूक कोंबडीखाली जवळपास सगळी फुटतात, याचा अर्थ काय लावायचा?

माणदेशी_खुराडे
आपल्या नेमके उलट दुखणे आमच्याकडे उन्हाळ्यात असते, त्यामुळे या विषयावर बराच विचार झाला आहे. आपण दिलेली लक्षणे (ओले, सुजलेले पिल्लू आणि टोच्याचा अभाव) जास्त आर्द्रतेची आहेत. फोडलेल्या अंड्यांच्या रुंद टोकाकडची हवेची पोकळी लहान राहिली होती का, एवढे आठवून सांगा. ती लहान असेल तर शंका उरणार नाही.

अंड्यातले पाणी कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून रोज थोडेथोडे बाहेर पडावे लागते आणि जितके पाणी जाईल तितकी ती पोकळी वाढत जाते. एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी पिल्लू आतले पातळ आवरण चोचीने भेदून याच पोकळीत पहिला श्वास घेते आणि फुप्फुसांचे काम सुरू झाल्यावर मग कवचाला टोचा मारते. पोकळी लहान असेल तर त्याला हवा आणि वळायला जागा दोन्ही अपुरी पडतात, आणि ते कवच फोडण्याआधीच गुदमरते. म्हणून अठराव्या दिवसापर्यंत कोंबडीच्या अंड्याचे वजन सुरुवातीच्या वजनापेक्षा साधारण ११ ते १३ टक्क्यांनी घटलेले असावे. ४५ ग्रॅमचे गावरान अंडे असेल, तर ते त्या दिवशी ४० ग्रॅमच्या आत-बाहेर भरले पाहिजे.

आता आपल्या हवामानाचा हिशेब पाहा. पावसाळ्यात आपल्याकडे बाहेरची हवा २७ अंशांची आणि ९० टक्के आर्द्रतेची आहे असे धरू. हीच हवा पेटीत ३७.५ अंशांपर्यंत तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता वाढते आणि एक थेंबही पाणी न घालता सापेक्ष आर्द्रता आपोआप ५० टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे पहिल्या १८ दिवसांना जेवढी हवी तेवढी ती फुकटातच मिळते, आणि त्यावर आपण भरलेला ट्रे ठेवला की मापक ७० दाखवणारच. याउलट आमच्याकडे चैत्रात बाहेर ३८ अंश तापमान आणि जेमतेम १५-२० टक्के आर्द्रता असते. पेटीतले तापमानही तेवढेच असल्याने आतही तीच कोरडी हवा राहते, आणि तेव्हा दोन ट्रे ठेवूनही पुरत नाही. अशा वेळी पोकळी प्रमाणाबाहेर वाढते, आतले आवरण चामड्यासारखे कडक होऊन पिल्लाला चिकटते आणि ते टोचा मारल्यावर अडकून मरते. थंडीतली हवाही फसवी असते. सकाळी दव पडलेले असले तरी १५ अंशांची हवा तापवली की ती अगदी रखरखीत होते.

त्यामुळे माहितीपत्रकातला आकडा तुमच्या चिपळूणला आणि आमच्या म्हसवडला सारख्याच कृतीने साधता येत नाही, आणि साधला तरी स्वस्त मापकावर माझा फारसा विश्वास नाही. मी अंडी ठेवतानाच प्रत्येकावर पेन्सिलीने वजन लिहितो आणि सातव्या, चौदाव्या व अठराव्या दिवशी पुन्हा वजन करतो. सातव्या दिवशी साडेचार टक्क्यांच्या आणि चौदाव्या दिवशी नऊ टक्क्यांच्या आसपास घट असेल, तर पाण्याला हात लावत नाही. घट कमी असेल तर ट्रे काढून पेटीची भोके मोठी करतो, जास्त असेल तर पाण्याचा पृष्ठभाग वाढवतो. ट्रेची खोली वाढवून उपयोग नाही, कारण बाष्पीभवन पृष्ठभागावरून होते. आपण पुढच्या खेपेला अठराव्या दिवसापर्यंत ट्रे कोरडा ठेवावा, आणि अंडी फिरवणे थांबवाल तेव्हाच पाणी घालावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

निवृत्त_पशुधन
वरील प्रतिसादातील वजनाचा मुद्दा बिनतोड आहे, परंतु सगळा दोष आर्द्रतेवर टाकण्याआधी प्रश्नातील एक तपशील पुन्हा वाचावा. पिल्ले बाविसाव्या आणि तेविसाव्या दिवशी निघाली आहेत. केवळ आर्द्रता वाढल्याने संपूर्ण घाणा (एका वेळी ठेवलेली सगळी अंडी) असा दीड-दोन दिवस मागे पडत नाही. तापमान सतत अर्धा-एक अंशाने कमी राहिले की पिल्ले उशिरा निघतात, मऊ आणि जड असतात, आणि बरीचशी आतच राहतात. तापमान जास्त असते तर पिल्ले एकोणिसाव्या-विसाव्या दिवशीच निघाली असती, अंगाने लहान आणि बेंबी न भरलेली. माझ्या अंदाजाने आपल्या पेटीत दोन्ही दोष एकत्र आहेत, आणि त्यांतला तापमानाचा दोष अधिक गंभीर आहे.

नियंत्रक ३७.५ दाखवतो म्हणजे त्याच्या संवेदकापाशी ३७.५ आहे, अंड्यापाशी असेलच असे नाही. हे तापमान पंख्याने हवा सर्वत्र सारखी खेळत असेल तेव्हाचे आहे. पंखा नसलेल्या पेटीत गरम हवा वर आणि थंड हवा खाली राहते, म्हणून अशा पेटीत तापमान अंड्यांच्या वरच्या पातळीवर मोजून ते ३८.३ ते ३८.९ अंश ठेवतात. आपला पंखा छोटा आहे. प्लायवूडच्या मोठ्या पेटीत तो कोपऱ्यापर्यंत हवा पोहोचवतो का, हे पाहण्यासाठी ताप मोजण्याचा एक चांगला थर्मामीटर पेटीच्या चारही कोपऱ्यांत, अंड्यांच्या उंचीवर, आळीपाळीने ठेवून पाहावा.

आर्द्रतामापकाची परीक्षाही सोपी आहे. छोट्या बाटलीच्या टोपणात खाण्याचे मीठ घेऊन ते चिखलासारखे ओले होईल इतकेच पाणी घालावे आणि टोपण व मापक एका हवाबंद पिशवीत सात-आठ तास ठेवावे. मापकाने ७५ टक्के दाखवले पाहिजेत. तो ८२ दाखवत असेल, तर सात वजा करून वाचावे.

अंड्यांविषयी विचारले आहे म्हणून थोडक्यात लिहितो. सातव्या दिवशी बहुतेक अंड्यांत जाळे दिसले, याचा अर्थ ती फलित होती आणि कोंबड्यात दोष नाही. पण ती किती दिवस आणि कोठे साठवली होती, हे आपण लिहिलेले नाही. उबवणीची अंडी निमुळते टोक खाली ठेवून, १५ ते १८ अंशांच्या जागी, आठवड्याच्या आत वापरावीत. उकाड्याच्या खोलीत २८-३० अंशांना ठेवलेल्या अंड्यात गर्भ अर्धवट वाढू लागतो आणि अशक्त होतो, तर फ्रिजमध्ये ४ अंशांवर तो मरू शकतो. माठाशेजारची, फरशीवरची थंड जागा पावसाळ्यात बहुधा पुरते. या दिवसांत पडवीत किंवा गवतात घातलेली अंडी चिखलाने माखतात. ती धुऊ नयेत, कारण धुण्याने कवचावरचा संरक्षक थर जातो आणि जंतू आत शिरतात. फार मळलेली अंडी सरळ स्वयंपाकात वापरावीत. इनक्युबेटरमध्ये एक अंडे सडून फुटले तर शेजारच्या सगळ्या अंड्यांना त्याचा उपद्रव होतो.

आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला असे वाटते की कोंबडी अंड्याला वरून, पोटाच्या उघड्या कातडीने थेट ऊब देते, दिवसभर अंडी हलवत-फिरवत राहते आणि दाण्यासाठी उठते तेव्हा ती थोडी थंड होऊन त्यांना ताजी हवाही मिळते. एकच अंडी कोंबडीखाली फुटतात आणि पेटीत फुटत नाहीत, याचा अर्थ दोष अंड्यांत नसून पेटीत आहे. हा चांगलाच पुरावा आपल्या हाती आहे.

वाशिष्ठीकाठ
दोघांचेही मनापासून आभार. आठवून सांगतो: फोडलेल्या बहुतेक अंड्यांतली पोकळी खरोखरच लहान होती. संवेदक झाकणाखाली, पंख्याच्या अगदी जवळ टांगलेला आहे आणि अंडी त्याच्या वीतभर खाली आहेत. मिठाची परीक्षा आजच रात्री लावतो. आणखी दोन शंका आहेत. आमच्याकडे पावसाळ्यात वीज अनेकदा दोन-तीन तास जाते, तेव्हा काय करावे? आणि टोचा मारून बराच वेळ थांबलेल्या पिल्लाला कवच सोलून बाहेर काढावे का? घरात यावरून दोन तट पडले आहेत.

कुडाळची_बदके
मी मुख्यतः बदकांची अंडी उबवते, अधूनमधून कोंबडीचीही. बदकांना २८ दिवस लागतात, त्यामुळे विजेची चिंता आमच्या वाट्याला सात दिवस जास्त असते. वीज गेली की झाकण उघडून पाहण्याचा मोह आवरावा, आत ऊब टिकेल अशा बेताने पेटीवर जाड गोधडी टाकावी, पण हवेची भोके पूर्ण बुजवू नयेत. दोन-तीन तास थोडी थंडी अंडी सहसा सोसतात, फार तर पिल्ले काही तास उशिरा निघतात. शेवटच्या आठवड्यात तर गर्भ स्वतःच उष्णता निर्माण करत असल्याने भरलेली पेटी लवकर निवत नाही, मात्र त्याच वेळी त्याला प्राणवायू सर्वांत जास्त लागतो. खरी भीती वीज परत आल्यावरची असते. घाईने दिवे वाढवून तापमान ४० अंशांच्या वर गेले, तर जे थंडीने झाले नसते ते नुकसान तासाभरात होते. शक्य असल्यास पंखा आणि नियंत्रक इन्व्हर्टरवर घ्यावेत.

सोलण्याच्या बाबतीत मी थांबणाऱ्यांच्या बाजूची आहे. पहिला टोचा आणि कवच फोडून बाहेर येणे यांत १२ ते २४ तास जाणे स्वाभाविक आहे. या काळात पिल्लू नुसते दमून पडलेले नसते. आवरणातल्या रक्तवाहिन्यांतले रक्त ते अंगात ओढून घेत असते आणि उरलेला बलक पोटात जात असतो. घाई करून सोलले की रक्त येते आणि बलक बाहेर राहतो. २४ तास उलटून गेले आणि आवरण पिवळे, कोरडे पडून पिल्लाला चिकटलेले दिसले, तरच कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने ते ओले करून टोच्यापासून थोडेसेच सोडवावे. रक्ताचा ठिपका दिसताच थांबावे. दर अर्ध्या तासाने झाकण उघडून पाहणाऱ्यांमुळे जेवढी पिल्ले अडकतात, तेवढी बहुधा दुसऱ्या कशानेही अडकत नाहीत, कारण नेमक्या त्या वेळी आतली ओलसर हवा निघून जाते. पेटीला काचेची खिडकी नसेल तर ती आधी बसवून घ्यावी. निघालेल्या पिल्लांना पोटातला बलक दोन दिवस पुरतो, तेव्हा दाण्याची घाई नको. अंगावरची लव सुकून फुगली की मगच त्यांना भाताच्या तुसावर, ३५ अंशांच्या उबेत हलवावे.

निवृत्त_पशुधन
कुडाळच्या ताईंशी सहमत आहे. संवेदक पंख्याजवळ आणि अंडी वीतभर खाली, हे वाचल्यावर माझी शंका पक्की झाली. संवेदक अंड्यांच्या वरच्या पातळीवर, दिव्याचा थेट उजेड पडणार नाही असा बसवावा आणि रिकामी पेटी दिवसभर चालवून आकडे स्थिरावल्यावरच अंडी ठेवावीत. फिरवण्याविषयी कोणी विचारले नाही, तरी सांगतो. हाताने फिरवत असाल तर अठराव्या दिवसापर्यंत रोज किमान तीन किंवा पाच वेळा फिरवावीत. संख्या विषम असली की रात्रीच्या लांब विसाव्यात अंडे रोज एकाच कुशीवर राहत नाही. एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढून ठेवला की गोंधळ होत नाही.

माणदेशी_खुराडे
पेटीत जागा उरली म्हणून अनेक जण शेजारून गिरिराज किंवा वनराज यांची अंडी आणून भर घालतात. ती फुटतात, पण या संकरित जाती असल्याने त्यांच्या पिल्लांत आईबापांचे गुण जसेच्या तसे उतरत नाहीत. त्या जातींची पिल्ले हवी असल्यास पशुसंवर्धन विभागाच्या कोल्हापूर किंवा खडकी येथील मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रात चौकशी करावी. पुढच्या खेपेला पहिल्या आठवड्याची वजने येथे अवश्य लिहा, म्हणजे ट्रे कोरडा ठेवायचा की त्यात थोडे पाणी घालायचे ते चौदाव्या दिवसाच्या आत ठरवता येईल.