पावसाळ्यात सकाळी उशिरा सुरू होणारी जुनी डिझेल गाडी

गोव्यात म्हापसा ते वेर्णा रोजची ये-जा आणि २०१२ ची डिझेल स्विफ्ट. पावसाळ्यात सकाळी बराच वेळ सेल्फ मारावा लागतो, म्हणून गाडी विकू का, असं तुम्ही विचारलंय. इतक्यात विकू नका, आधी धूर बघा.

सेल्फ मारताना पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय, पण पेटत नाही. अशा वेळी ग्लो प्लग तपासा, म्हणजे थंड इंजिनात डिझेल पेटावं म्हणून आत उष्णता देणारे चार प्लग. वायर काढून मल्टिमीटरने मोजा: चांगला प्लग साधारण १ ओहम किंवा त्याहून कमी दाखवतो, मेलेल्यात मीटर शून्य नाही, तर सर्किट तुटल्याचं (OL) दाखवतो. चारही एकदम बदला आणि इंजिन गरम असतानाच खोला. थंड इंजिनात जोर लावला की प्लग हेडमध्येच (इंजिनाच्या वरच्या भागात) तुटतो, आणि मग खर्च कुठच्या कुठे जातो.

धूरच नसेल तर डिझेल पोचत नाही. डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत थोडं डिझेल काढा आणि दहा मिनिटं ठेवा. पाणी असेल तर तळाशी वेगळा थर दिसेल. आपल्याकडच्या दमट हवेत अर्धी रिकामी टाकी रात्रभर ठेवली की आत पाणी धरतं, त्यामुळे जून ते सप्टेंबर टाकी निम्म्याखाली जाऊ देऊ नका.

खाऱ्या हवेने अर्थिंगची पट्टीही (बॅटरीचा निगेटिव्ह इंजिन-बॉडीला जोडणारी) गंजते, आणि मग सेल्फ जोरात फिरत नाही. सेल्फ मारताना बॅटरीचा निगेटिव्ह आणि इंजिन ब्लॉक यांत अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक आला तर पट्टी बदला. स्वस्तातलं काम आहे.

दिल्लीत दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवर जशी बंदी आली होती, तसा नियम गोव्यात नाही. १५ वर्षांनी तपासणी करून नोंदणी ५ वर्षांनी वाढवता येते.