मदत हवी आहे: गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आईला बेळगावहून कुठल्या घाटाने आणावं?

नमस्कार. आम्ही गोव्यातल्या साखळीचे. आईच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन चवथ झाली की लगेच बेळगावात करायचं ठरलंय. ताई तिथेच दिलेली, त्यामुळे घरचं माणूस जवळ आहे. आईला मात्र दसऱ्याला घरी यायचंच आहे. डॉक्टरांनी होकार दिलाय, पण गाडीत पाय फार वेळ वाकवून ठेवायचा नाही आणि मध्ये मध्ये उतरून चार पावलं चालायचं, असं बजावलंय.

जाताना चिंता नाही, खरी काळजी येतानाची. आम्हाला जवळचा रस्ता चोर्ल्याचा: जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, मग घाट उतरून केरी. एरवी हा रस्ता मला फार आवडतो. कणकुंबीला मलप्रभेचा उगम, माउलीचं देऊळ, आणि खाली उतरताना झाडांमधून अंजुणे धरणाचं पाणी दिसलं की घर आलं असं वाटतं. पण आईला गाडी लागते. गेल्या जुलैत वर जाताना केरी सुटल्यावर असं धुकं उतरलं की रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टीही दिसेना. मुठीत लिंबू धरून ती मागे बसली होती, आणि वळण आलं की दोन्ही पाय गाडीच्या तळाशी घट्ट रोवत होती. ते पाय सारखे डोळ्यांसमोर येतात. नव्या गुडघ्याने ती तसं करू शकणार नाही, आणि करूही नये.

दुसरा पर्याय अनमोडचा. खानापूर, रामनगर, अनमोड, मोले आणि तिथून धारबांदोडा, उसगावमार्गे साखळी. अंतर वाढतं, शिवाय ट्रक फार. एका ट्रकमागे अडकलो तर आई किती वेळ बसून राहील? आंबोलीचा विचार करून सोडून दिला, सावंतवाडीला वळसा घालून यायला दिवस जाईल. तिळारीचा उतार तर आईला नकोच.

पावसाळा सरताना या दोन्ही घाटांनी नेहमी ये-जा करणाऱ्यांनी कृपया सांगा: सध्या रस्ता कुठला बरा आहे? चोर्ल्याला धुकं सकाळी किती वाजता निवळतं, की दुपारी उतरणं चांगलं? जांबोटी ते केरीच्या दरम्यान कमोडची स्वच्छ सोय कुठे आहे? भारतीय पद्धतीचं तिला चालणार नाही.

आणि ज्यांनी गुडघा बदललेल्या माणसाला घाटातून आणलंय, त्यांनी कसं बसवलं? मागच्या सीटवर आडवा पाय ठेवून, की पुढची सीट मागे सरकवून? मागे आडवं बसवलं तर पट्टा नीट लागत नाही, म्हणून मन तयार होत नाही. गाडी आमची साधी हॅचबॅक आहे. उंच गाडी भाड्याने घेतल्याने चढ-उतरताना खरंच फरक पडत असेल, तर तेही करीन.

ताईला रविवारपर्यंत कळवायचंय.